वर्ग सोडला

१० एप्रिल

वन्सं,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, हिचा फोन मोडला की काय. फोन शाबूत आहे. पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलता, मी "हो वन्सं, हो वन्सं" म्हणते, आणि पलीकडच्या खोलीतून तुमचा भाऊ विचारतो, "आज काय चुकलं?" त्यापेक्षा कागद बरा.

आमच्या कॉलेजातल्या स्त्री-अभ्यास केंद्राला, म्हणजे मला, एका कपाटाला आणि जिन्याशेजारच्या खोलीला, येत्या मे महिन्यात शाळांमधल्या इतिहासाच्या शिक्षकांचा वर्ग घ्यायचा आहे. मी त्याला 'अध्यापक नवसंजीवन सत्र' असं नाव दिलं होतं. हेडक्लार्क म्हणाले, एवढं पाटीवर मावत नाही. म्हणून आता 'उजळणी वर्ग'. काल शिक्षकांची यादी आली. वरून तिसरं नाव तुमचं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी तुमचंच. वन्सं, तुम्ही उभा जन्म इतिहास शिकवलात. मी तुमची काय उजळणी घेणार? प्रकृतीचं कारण देऊन सुटका करून घ्यायची असेल तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. अगदी मनापासून सांगते.

आणि तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही मोठ्या बाईंचा पत्ता दिलात, मी जाऊन मुलाखत घेतली, आणि वन्सं, मला घबाड मिळालं! तुमच्या त्या शाळेत इतिहास शिकवणारी पहिली बाई. त्यांना विचारलं, त्या काळात त्रास झाला का? म्हणाल्या, "त्रास? फार झाला. मग काय, मी वर्ग सोडला." आणि गप्प झाल्या. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पुढचं सांगण्यासारखं नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक एकटी बाई, भर तासाला, वर्ग सोडून बाहेर पडते! हा शिक्षिकेचा संप आहे, आणि कुठल्याच इतिहासात त्याची नोंद नाही. यावर निबंध लिहायला घेतला आहे.

त्यावरच सगळं अवलंबून आहे. आमच्या प्राचार्यांना माझी खोली टेबल टेनिससाठी हवी आहे. प्रत्येक बैठकीत विचारतात, "तुमच्या केंद्राची ठोस निष्पत्ति काय?" वर्गाच्या समारोपाला ते अध्यक्ष आहेत. तिथे निबंध उभा राहिला तर केंद्र राहील. नाहीतर मी आणि माझं कपाट जिन्याखाली, आणि वर टक टक चेंडू.

तुमची,
वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल खुणा बघून घे. 'निष्पत्ती'ची वेलांटी चुकली आहे आणि एका परिच्छेदात दोन उद्गारचिन्हं म्हणजे फार झाली. दहापैकी सहा.

प्रकृतीचं कारण? मला काय धाड भरली आहे? सरकारी आदेश आहे, मी येणार. पहिल्या बाकावर बसणार. तुमच्याकडे मात्र उतरणार नाही, वसतिगृहात राहीन. मास्तरणीच्या घरी जेवलं की बाकीच्या म्हणणार, हिला प्रश्न आधीच फुटले. वर्गात मी तुला मॅडम म्हणेन. तू मला चुकूनही वन्सं म्हणायचं नाहीस. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून डब्याबरोबर गोट्याच्या हाती दे. बायकोचा डबा तर तो रोज आणून देतोच, बहिणीचा आणला म्हणून झिजणार नाही. पन्नाशी झाली तरी त्याला गोट्या म्हटलेलं तुला आवडत नाही, माहीत आहे. पण माझा तो गोट्याच.

आता तुझं घबाड. अगं बाई, वर्ग सोडणं म्हणजे पोरांना घरी सोडणं! शाळेत कुणालाही विचार. घंटा झाली की आम्ही वर्ग सोडतो. घंटेआधी सोडला तर हेडमास्तर डोळे वटारतात. तू थेट कॉलेजातच शिकवायला लागलीस, तुमच्याकडे पोरं आपली आपणच सुटतात, म्हणून तुला हे ठाऊक नाही. कसला संप नि कसलं काय.

आणि मी काही ऐकीव सांगत नाही. मी त्या वर्गात होते. पहिल्या बाकावर. शेवटचा तास इतिहासाचा. बाई सनावळ्या विचारायच्या, मी उभी राहून एका दमात सगळ्या म्हणायचे, आणि बाई खूश होऊन म्हणायच्या, "चला, सोडला वर्ग." सगळ्या मुली माझ्यावर जीव टाकायच्या. इतिहासाची गोडी मला तिथेच लागली. तेव्हा निबंध बदल. अजून वेळ आहे.

वन्सं


२१ एप्रिल

वन्सं,

लाल खुणा पाहिल्या. वेलांटी मान्य. उद्गारचिन्हं मान्य नाहीत.

राग मानू नका, पण तुम्ही तेव्हा चौथीत होतात. लहानपणच्या आठवणी आपण मोठेपणी आपल्या सोयीने रचत जातो. यावर आमच्याकडे पुष्कळ लेखन झालेलं आहे, एक-दोन लेख सोबत जोडते. तुमच्या आठवणीत त्या वर्गात एकच महत्त्वाची व्यक्ती आहे, आणि ती बाई नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का?

शिवाय नुसते शब्द कशाला धरायचे? गप्प बसणंही बोलतं. बाई नुसतं पोरांना घरी सोडल्याचं सांगत असत्या, तर पुढे एवढ्या गप्प का झाल्या? मान खाली का घातली? टेपवर ती शांतता मी पुन्हा पुन्हा ऐकली. मागे घड्याळ टिकटिकतं, आणि बाईंचा एक सुस्कारा. त्या एका सुस्काऱ्यावर माझी अकरा पानं झाली आहेत.

इथे सगळी धावपळ. दुपार झाली की डोकं ठणकायला लागतं. प्राचार्य काल फूटपट्टी घेऊन आले आणि माझी खोली मोजून गेले.

तुमची,
वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

सुस्काऱ्यावर अकरा पानं! मी शिंकले तर तू ग्रंथ लिहिशील.

लेख वाचले. एकाही वाक्याला शेंडा ना बुडखा. ज्यांनी लिहिले त्यांना पहिल्या बाकावर बसवून वाचून घ्यायला हवेत. मी काही रचलेलं नाही, मी तिथे होते आणि सनावळ्या मला आजही येतात.

बाईंना समारोपाला बोलावणारच आहेस तर त्यांनाच विचार की सरळ. की भीती वाटते?

रविवारी येते. स्टेशनवर गोट्याला पाठव. सामान फार नाही, उशी माझी मी आणते.

वन्सं


मे, वर्गाचा पहिला सोमवार (डब्याबरोबर)

वन्सं,

वर्गात तुम्ही "मॅडम, ऐकू येत नाही" असं तीनदा म्हणालात. तुम्ही पहिल्या बाकावर आहात. तिथून ऐकू येत नसेल तर शेवटच्या बाकावरच्यांनी काय घरी जावं?

असो. मन खट्टू झालं आहे. सकाळचं सत्र रंगलं होतं. घरकामाचा इतिहास पाठ्यपुस्तकात का नाही, यावर बायका भांडायलासुद्धा लागल्या. मग चहाची सुट्टी झाली आणि सगळं मुसळ केरात. सुट्टी संपली, मी खडू घेऊन उभी, आणि समोर कोण? चार मास्तर. बाकीच्या छत्तीस बायका गायब! एकेक करत आल्या त्या जेवणाच्या तोंडावर. कुणी माझ्याकडे बघेना. माझ्या विषयाला हा मूक विरोध आहे का? परंपरेत वाढलेल्या मनाला असे प्रश्न टोचतात, हे मला माहीत आहे. पण इतका विरोध? तुम्ही त्यांच्यात बसता, तेव्हा खरं काय ते सांगा. प्राचार्य व्हरांड्यातून दोनदा डोकावून गेले आणि रिकामे बाक मोजून गेले.

वहिनी


त्याच दिवशी (रिकाम्या डब्याबरोबर)

मॅडम,

डबा बरा होता. मीठ कमी. गोट्याने केला असणार, तू एवढं चांगलं करत नाहीस.

विरोध-बिरोध कुणाचा नाही. बायका तुझ्यावर खूश आहेत. मागच्या बाकावरची ती जाडजूड शिक्षिका म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आम्हाला काही नवीन विचारलं. मी म्हटलं, माझी भावजय आहे. मग एकदम आठवलं की सांगायचं नाही, म्हणून म्हटलं, लांबची.

बाकी तुझ्या वर्गाच्या तक्रारी लिहून देते. पंखा कुरकुरतो. फळा तेलकट झाला आहे. आणि तिकडची सोय नीट नाही. किल्ली त्या हेडक्लार्कच्या खिशात. मागायला गेलं की सगळ्या ऑफिसासमोर मोठ्याने विचारतो, "कशासाठी हवी?" आता काय सांगायचं माणसाने? मग वाट बघत बसायचं, तो उठून कुठे जातो का, शिपायाला सांगता येतं का. वेळ मोडतो तो असा. जरा बघ.

आणि तुझ्या टेबलावरचं पाण्याचं भांडं सकाळी भरलेलं असतं तसंच संध्याकाळी असतं. चेहरा बघ किती सुकलाय.

विद्यार्थिनी क्रमांक तीन


मंगळवार (डब्याबरोबर)

वन्सं,

पंख्याला तेल घातलं. फळा शिपायाने पुसून घेतला. किल्लीचंही केलं. तुमची तक्रार वाचून मी अगदी गहिवरले. एवढ्या शिक्षिका सुट्टीतसुद्धा ग्रंथालयात जायला धडपडतात, आणि मी त्यांना परंपरेत वाढलेल्या म्हटलं! हेडक्लार्कना स्पष्ट बजावलं की स्त्रियांना कशासाठी म्हणून विचारायचं नाही, ज्ञानाची दारं उघडी ठेवा. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले, पण ग्रंथालयाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. आता तिकडे खुशाल जा, हवा तेवढा वेळ बसा.

वहिनी


मंगळवार (रिकाम्या डब्याबरोबर)

जाऊ दे. तुला नाही कळायचं. आम्ही आमचं बघतो.


दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार (डब्याबरोबर)

वन्सं,

दहा दिवस तुमची चिठ्ठी नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. सुट्टीनंतरचा उशीर तसाच आहे. ग्रंथपाल म्हणतात, एकही बाई फिरकली नाही. मला खरंच काही समजेनासं झालंय.

उद्या समारोप. मोठ्या बाईंना गाडीतून तुम्हीच घेऊन या, तुमच्याशिवाय कुणाबरोबर त्या यायच्या नाहीत. फलक तयार झाला. 'मी वर्ग सोडला: एका शिक्षिकेचा पहिला संप'. भिंतभर मोठा. मागे घेण्यासारखा राहिलेला नाही.

हो, भीती वाटते. तुम्ही पत्रात विचारलं होतंत, त्याचं उत्तर आज देते. बाईंना मी पुन्हा विचारलं नाही, कारण त्या "नाही" म्हणाल्या तर माझ्याकडे दुसरं काही नाही. वीस वर्षं मी त्या खोलीत काढली. कॉलेजात लोक मला "जिन्याखालच्या बाई" म्हणतात, तरी मी जिन्याशेजारी आहे. उद्या खरंच जिन्याखाली जाईन. एवढं बघा, समारोपात "मी तिथे होते" म्हणून उभ्या राहू नका. हात जोडते.

वहिनी


शुक्रवार (रिकाम्या डब्याबरोबर)

नाही उभी राहणार. नीट झोप. निबंध वाचताना मान वर ठेव आणि शेवटचा शब्द गिळू नकोस.

वन्सं


शनिवार, संध्याकाळ

वन्सं,

तुम्ही सगळ्या कुठे आहात? गोट्याला, म्हणजे तुमच्या भावाला (बघा, तुमचा गुण लागला), ही चिठ्ठी देऊन शोधायला धाडते आहे. तुम्ही तिथे होतात, पण हसून हसून तुमचे डोळे मिटले होते, म्हणून काय काय झालं ते लिहिते. लिहिल्याशिवाय माझाही विश्वास बसायचा नाही.

मोठ्या बाई व्यासपीठावर आल्या, खुर्चीत बसल्या आणि मान मागे करून तो भिंतभर फलक वाचायला लागल्या. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग माईक समोर आहे याची पर्वा न करता मला विचारलं, "संप कुणी केला गं?"

मी म्हटलं, "तुम्ही, बाई."

"मी? कधी?"

वन्सं, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. मी चाचरत म्हटलं, मुलाखतीत तुम्हीच म्हणाला होतात. फार त्रास झाला, मग मी वर्ग सोडला. आणि तुम्ही गप्प झालात.

"अगं, गप्प नाही तर काय करू? तू ते यंत्र लावून बसलेलीस! यंत्रापुढे सांगायची गोष्ट आहे का ती?" मग माईककडे वळल्या. "आता म्हातारी झाले, आता कसली लाज. त्या शाळेत बायकांना जायला जागाच नव्हती. आम्ही पाच जणी. सकाळी घरून जाऊन यायचं ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत बंद. पाणी प्यायचं नाही. चहा समोर आला तरी नको म्हणायचं. शेवटच्या तासाला माझा जीव कासावीस व्हायचा. मग वर्ग सोडायचे आणि घराकडे पळत सुटायचे. हेडमास्तरांनी कारण विचारलं. बाईमाणसाने काय सांगायचं? गप्प बसले. त्यांना वाटलं उर्मट आहे. मग बाकीच्या चौघींनीही शेवटच्या तासाला वर्ग सोडायला सुरुवात केली. सगळी शाळा भर दुपारी ओस. हेडमास्तरांनी शेवटी आपल्या बायकोला विचारलं. तिने त्यांना असं काही सुनावलं की आठवड्यात पत्र्याच्या दाराची एक खोली उभी राहिली. संप-बिंप आम्हाला ठाऊक नव्हतं बाई."

मग मागच्या बाकावरची ती जाडजूड शिक्षिका जी हसायला लागली ती थांबेना, आणि मग सगळ्याच.

तुम्हाला खोटं वाटेल, पण तेव्हाही माझी ट्यूब पेटली नव्हती. मी मनात अकरा पानं फाडत होते. बाई म्हणाल्या, "बरं, पुरे झालं माझं. आता मला जायचंय. इथे कुठे आहे?" मी प्राचार्यांकडे बघितलं, प्राचार्यांनी शिपायाकडे, शिपाई म्हणाला, "साहेब, हेडक्लार्क आज रजेवर आहेत. किल्ली त्यांच्या खिशात."

तिकडची किल्ली! वन्सं, तिकडची! आणि मी तुम्हाला ग्रंथालय उघडून दिलं!

बाईंनी काठी टेकली, उठल्या, आणि त्या वयात काय खणखणीत आवाज! "चला गं पोरींनो. सोडला वर्ग."

पुढचं तुम्हाला माहीत. पुढे तुम्ही, तुमच्या खांद्यावर बाईंचा हात, मागे पस्तीस जणी. सभागृह रिकामं. उरले चार मास्तर. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, प्रमाणपत्रं आत्ता मिळणार का?" प्राचार्य हातात गुच्छ घेऊन उभे. मला म्हणाले, "कुठे गेल्या सगळ्या?" तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन धापा टाकत आला. म्हणाला, "साहेब, तुमच्या बंगल्यावर."

तेव्हापासून मी इथेच बसले आहे. प्राचार्य बंगल्याकडे गेले ते परत आले नाहीत. तिकडे काय चाललंय ते कळवा.

वहिनी


रविवार, सकाळ

वहिनी,

कळवते. गोट्याला काल रात्री तिथेच जेवायला बसवून घेतलं म्हणून तुला निरोप मिळाला नाही. उपाशी झोपली नसशील अशी आशा आहे.

सगळ्यांत जवळचं घर कुठलं, एवढाच आम्ही विचार केला. प्राचार्यांची बायको दारात आली. समोर छत्तीस मास्तरणी आणि एक म्हातारी. मी म्हटलं, "वहिनी, माफ करा, जरा तिकडे जायचं होतं." आणि तिला, बघ हं, तिला पहिल्या झटक्यात कळलं! तिच्याकडे पुस्तकांचं कपाट नाही म्हणून असेल. "आत डावीकडे, आणि मागच्या अंगणात दुसरं," म्हणाली. मोठ्या बाई आधी गेल्या. बाकी आमची रांग दिवाणखान्यातून फाटकापर्यंत. चहा आला. सगळ्यांनी दोन-दोन कप प्यायला. दोन आठवडे चहाला नको म्हणत होतो ना आम्ही.

तुझे प्राचार्य आले तेव्हा त्यांच्याच घरात त्यांना बसायला जागा नव्हती. बायकोने विचारलं, "किती वर्षं ते कुलूप आहे?" ते म्हणाले, "पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय, नाहीतर घाण होते." ती म्हणाली, "अस्सं. मग जोवर ते उघडत नाही तोवर कॉलेजातल्या सगळ्या बायका इथे येतील, आणि तुम्ही आंघोळीला हेडक्लार्ककडे जा." एवढं शांतपणे म्हणाली की मला तिचा हेवा वाटला. मला असं शांतपणे कधी बोलता आलं नाही. तू म्हणशील, हे आज कळलं?

आता एक सांगते, हसू नकोस. बाईंचं बोलणं ऐकून मी हसत होते खरी, पण आतून वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, बाई माझ्या सनावळ्यांवर खूश होऊन वर्ग सोडायच्या. त्या जिवावर मी इतिहासाची मास्तरीण झाले. आणि बाईंना नुसती घाई झालेली! गाडीतून सोडायला गेले तेव्हा न राहवून विचारलंच. बाई म्हणाल्या, "अगं, तू धडाधडा म्हणायचीस म्हणून तर मला लवकर उठता यायचं. दुसरी कुणी अडखळली असती तर माझी काय दशा झाली असती! तू माझी अब्रू वाचवलीस." मी रस्ताभर रडत आले. बरं वाटलं.

आणि तुला एक विचारायचं राहिलं. आम्ही दोन आठवड्यांच्या पाहुण्या. तू तिथे वीस वर्षं आहेस. तू काय करायचीस?

वन्सं


३ जून

वन्सं,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण मलाच ते माहीत नव्हतं. घरी विचारलं. तुमचा भाऊ म्हणाला, "तू सकाळी चहा अर्धा टाकतेस आणि कॉलेजातून आलीस की आधी पळतेस. मला वाटायचं तुला घराची ओढ आहे."

वन्सं, मी वीस वर्षं कॉलेजात पाणी पीत नाही. ठरवून नव्हे, आपोआप. भांडं भरून ठेवतात, मी त्याच्याकडे बघत नाही. दुपारी डोकं दुखतं ते प्राचार्यांमुळे असं मी सगळ्यांना सांगायचे. बायकांच्या आयुष्यात काय काय दडपलं जातं ते वर्षानुवर्षं शिकवलं, आणि बाईंच्या सुस्काऱ्याचा अर्थ लावता लावता माझा स्वतःचा घसा कोरडा होता हे मला कळलं नाही. आधी लाज वाटली. मग राग आला. कुणाचा ते अजून ठरत नाही.

आता बातमी. कुलूप तोडलं. हेडक्लार्क रजेवरून परत आले तर त्यांच्या खिशातल्या किल्लीला लावायला कुलूपच नाही. नवीन फरशी बसली, आतून कडी आहे, नळाला पाणी आहे. आणि वार्षिक अहवालात प्राचार्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'स्त्री-अभ्यास केंद्राची ठोस निष्पत्ती: स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, एक.' यापेक्षा ठोस ते काय असणार, सिमेंटचं आहे. खोली माझीच राहिली. टेबल टेनिस त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात गेलं. त्यांची बायको सकाळी खेळते आणि म्हणे त्यांना हरवते.

निबंध पुन्हा लिहिला. सुस्काऱ्याची अकरा पानं काढून टाकली. शीर्षक तेच ठेवलं आहे, कारण पाच जणींनी एकाच तासाला वर्ग सोडला आणि शाळेला भिंत बांधायला लावली, याला मी अजूनही संपच म्हणेन. बाईंना वाचून दाखवला, यंत्र न लावता. म्हणाल्या, "म्हण बाई तुला काय म्हणायचं ते. पत्र्याचं दार होतं एवढं मात्र घाल." घातलं आहे. तळटीपेत तुमचाही उल्लेख आहे: 'पहिल्या बाकावरील प्रत्यक्षदर्शी'. तुमची आठवण रचलेली आहे असं म्हटलेलं नाही.

वाचायला पाठवते आहे. लाल शाई चालेल.

तुमची,
वहिनी


२० जून

वहिनी,

निबंध वाचला. 'स्वच्छतागृह' सगळीकडे बरोबर लिहिलंस, पण एवढं लांबलचक लिहून परत तेच करते आहेस. बायका असं बोलतात का? एकदा तरी सरळ 'संडास' लिही. मी तुला 'तिकडे' म्हणाले तिथेच घोळ झाला, आता तू करू नकोस. तळटीप मोठ्या अक्षरात हवी होती. उद्गारचिन्ह एकही नाही, त्याचं मात्र वाईट वाटलं.

आमच्या शाळेतही बघितलं. मुलींना आहे, आम्हाला आहे, पण कडी मोडलेली. माझ्यासकट सगळ्या जणी पाय लावून दार धरतो, आणि कुणी एक अक्षर बोललेली नाही. काल शेवटच्या तासाला मी वर्ग सोडला. हेडमास्तर डोळे वटारून आले, म्हणाले, कारण काय? मी भर व्हरांड्यात, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं कारण सांगितलं. ते लाल झाले. आज सकाळी सुतार आला.

दहापैकी नऊ. एक गुण राखून ठेवला आहे. गोट्याला सांगितलंय, रोज संध्याकाळी तुझ्या टेबलावरचं भांडं बघून मला कळवायचं. रिकामं दिसलं की तो गुण मिळेल.

पाणी पी.

वन्सं